आधी पाणी ठरवा, मग पॅडलबोर्ड

दिवाळी तोंडावर आली की पॅडलबोर्डसाठी, म्हणजे उभ्याने वल्हवत जायच्या लांब फळीसाठी, मला फोन सुरू होतात. "ताई, साडेदहा फुटी घेऊ की साडेबारा? फुगवायचा बरा की कडक?" मी उलट विचारते, "चालवणार कुठे?" यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. बोर्डांचे व्हिडिओ सगळे बघून झालेले असतात, पाणी तेवढं ठरलेलं नसतं. आणि पाणी ठरलं की निम्मी खरेदी आपोआप ठरते.

मी देवबागची. तारकर्लीच्या पुढे गेलात की जमीन चिंचोळी होत जाते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी, मधे माड आणि आमची घरं. परसदारातून थेट नदीत उतरता येतं. पाऊस संपल्यापासून मेपर्यंत पाहुण्यांना पॅडलबोर्डवर उभं राहायला शिकवणं हे माझं काम. पुढचं सगळं याच पाण्यावरचं आहे. धरणात किंवा गोव्याच्या नद्यांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

कुठे आणि केव्हा

पहिल्यांदा समुद्रात नको. कितीही शांत दिसला तरी नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी आमच्याकडे मतलई वाहतो, म्हणजे वारा जमिनीवरून समुद्राकडे. किनाऱ्याला माडांचा आडोसा असतो, त्यामुळे काठाशी पाणी अगदी गुळगुळीत. पर्यटक त्यालाच भुलतो. शंभरेक मीटर आत गेलं की आडोसा संपतो आणि वारा पाठीला लागतो. उभा माणूस म्हणजे शीडच, काही न करता बोर्ड पुढे सरकतो आणि वाटतं, वा, आपल्याला जमलं की! परत फिरल्यावर कळतं. अशा वेळी उभं राहायचा हट्ट सोडायचा. गुडघ्यावर बसा, पॅडल आखूड धरा आणि किनाऱ्याकडे वल्हवा. तरी जमेना तर पॅडल पोटाखाली घालून पालथं झोपा आणि हाताने पाणी मारा. बोर्ड मात्र कधीही सोडायचा नाही.

दुपारी खारे वारे सुटतात. ते किनाऱ्याकडे ढकलतात म्हणून बुडवत नाहीत, पण पाणी ढवळून काढतात. फोनवर वाऱ्याचं ॲप ठेवा. ताशी १२ किलोमीटरपर्यंत नवखा माणूस मजेत राहतो, १८ च्या पुढे मी कुणाला उतरवत नाही. आमचे काका ॲप न बघताच सांगतात, "वारो बघ, मगे पाण्यात पाय घाल." तेही बरोबरच असतात. पण त्यांचं आयुष्य होडीत गेलं, तुमचं नाही.

नदी-खाडीत वाऱ्याइतकीच भरती-ओहोटी महत्त्वाची. कोकणातला जुना हिशोब अजून चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरायचा. तिथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. आता यातून शिकायला चांगला दिवस कुठला, ते काढा. दशमी-एकादशीला भरती येते साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास. सातला पाण्यात उतरलात तर चढत्या पाण्याबरोबर वर, नेरुरपारच्या अंगाला जाता येतं. मग पाणी थोडा वेळ थबकतं, त्यात वळायचा सराव होतो, आणि उतरतं पाणी तुम्हाला घरी आणून सोडतं. म्हणून मी पाहुण्यांना एकादशी गाठायला सांगते. उपास असेल तर शहाळं पाजते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि ओढही जोराची. ओहोटीला संगमाकडे, म्हणजे जिथे कर्ली समुद्राला मिळते तिकडे, नवख्याने फिरकूच नये. शिवाय त्सुनामी आयलंडच्या बाजूला जेटस्की आणि बनाना राइडची वर्दळ असते. त्यांच्या लाटा आडव्या येतात आणि बोर्डवरचा माणूस त्यांना दिसेलच असं नाही.

धरणाचं पाणी घेणाऱ्यांना भरती-ओहोटीची कटकट नाही. मुळशी, पवना इथे सकाळचं पाणी शिकायला उत्तम. पण धरणाला काठ असा नसतोच, दोन पावलांवर खोल होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, बोर्डाची फिन, म्हणजे बुडाला लावलेलं माशाच्या परासारखं पातं, त्यात अडकते. कुठल्या भागात उतरायला परवानगी आहे हे आधी विचारून घ्या. आणि मगरी. थट्टा नाही. चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री, सांगलीची कृष्णा, मुंबईचा पवई तलाव, गोव्यातला कुंभारजुव्याचा कालवा, या सगळ्या ठिकाणी मगरी आहेत. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय अनोळखी नदीत बोर्ड टाकू नका.

मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत विषयच नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. त्याच्या आगेमागेही उधाणलाटांचा इशारा येतो, हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तो देते. तेवढा बघायची सवय लावून घ्या.

बोर्ड

नवख्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे. हवा भरायचा, साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. ५५ ते ८५ किलोच्या माणसाला एवढा बोर्ड पुष्कळ झाला. वजन नव्वदीच्या पुढे असेल तर अकरा फुटी, ३३-३४ इंच रुंद बघा. सडपातळ मुलीला ३० इंचही चालतो.

लोक लांबी विचारतात, मी रुंदी विचारते. रुंदीवर तोल अवलंबून. लांबीवर वेग आणि सरळ चाल. साडेबारा फुटी टूरिंग, म्हणजे लांब पल्ल्याचा, बोर्ड टोकदार असतो, पाणी कापत जातो, पण वळवायला जड आणि उभं राहायला चंचल. वर्षभर चालवल्यावर तोच घ्यावासा वाटेल, तेव्हा घ्या. चौदा फुटी शर्यतीचे बोर्ड प्रत्यक्ष बघायची हौस असेल तर कर्नाटकात मुल्कीकडे जा. पॅडलबोर्डच्या शर्यतीत उतरणारी तन्वी जगदीश तिथलीच. जवळच्या सशिहित्लू किनाऱ्यावर मार्च २०२४ मध्ये एपीपी वर्ल्ड टूर या जागतिक मालिकेतली पॅडलबोर्ड शर्यत झाली होती.

जाडीत मात्र तडजोड नको. पावणेपाच इंची बोर्ड स्वस्त मिळतात. पंचाहत्तर किलोचा माणूस त्यावर उभा राहिला की मधे वाकतो, टोकं वर येतात, आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो की मला तोल सांभाळता येत नाही. दुकानात बोर्ड पूर्ण फुगवून दोन्ही टोकांखाली स्टुलं ठेवा आणि मधे एकाला उभं करा. किती वाकतो ते दिसेल. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

कडक बोर्ड, म्हणजे आत फोम आणि वर फायबर-इपॉक्सी, पाण्यावर सरस धावतो, लाटांवर तर तोच हवा. पण तो गाडीच्या टपावर न्यावा लागतो, फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नसते, आणि आमच्या खडकांवर कालवं, म्हणजे धारदार शिंपले, असतात. एकदा घासला गेला तरी भेग पडते, आत पाणी शिरतं. हवेचा बोर्ड घडी करून पाठीवर मारता येतो, एसटीनेसुद्धा येतो. साधारण दहा किलो वजन, पंप-पॅडलसकट अजून चार-पाच. त्याच्यावर पडलात तरी बरगडीला लागत नाही, हे पहिल्या आठवड्यात फार मोलाचं.

हवा भरताना

बोर्डावर छापलेला दाब बघा, बहुतेकांना १२ ते १५ पीएसआय लागतो. झाकण उघडलं की व्हॉल्वच्या मधे एक छोटी पिन दिसते. ती दाबून फिरवली की आत जाते किंवा बाहेर येते. भरताना ती बाहेर आलेली हवी. आत असेल तर सगळी हवा भरून होते, तुम्ही नळी काढता आणि फुस्स.

पंपाचा काटा सुरुवातीला हलतच नाही. पाच-सात पीएसआय होईपर्यंत तो शून्यावर असतो, तोवर पंप बिघडला म्हणून लोक मला हाका मारतात. दोन्ही बाजूंनी हवा मारणारा पंप असेल तर काटा हलू लागला की त्याचं बटण एकेरीवर आणा, नाहीतर पाठीचं काम होतं. लोक दहावर थांबतात, हात भरून येतात म्हणून. शेवटचे चार-पाच पीएसआय हेच बोर्ड कडक करतात. गाडीच्या सॉकेटवर चालणारा विजेचा पंप मिळतो, दोन-तीन बोर्ड असतील तर जरूर घ्या.

फुगवलेला बोर्ड उन्हात रेतीवर टाकून जेवायला जाऊ नका. आतली हवा तापून दाब वाढतो, शिवणी उकलतात. सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा.

पॅडल: पैसे इथे घाला

पॅकेजमध्ये बोर्ड, पंप, पिशवी, फिन, लीश, पॅडल असं सगळं येतं. पंप-पिशवी ठीक असते. पॅडल बहुधा ॲल्युमिनियमचं, किलोच्या आसपास. मिनिटाला ३५ फटके धरले तर तासाला २१०० वेळा ते उचलायचं. ७०० ग्रॅमचं पॅडल घेतलंत तर तासाला सहाशे किलोहून जास्त वजन कमी उचललं. खांदे दुखतात म्हणून हा नाद सोडणारे मी बघते, त्यांतल्या निम्म्यांना बोर्ड बदलायची गरज नसते, पॅडल बदलायची असते. फायबरचं पॅडल हा मधला चांगला मार्ग. पूर्ण कार्बनचं हलकं आणि देखणं, पण खडकावर आपटलं की तडकतं आणि किमतीत एखादा स्वस्त बोर्ड येईल.

लांबी तुमच्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर जास्त. उंची १६० असेल तर १८० ते १८५. आखूड झालं तर कंबरेतून वाकावं लागतं, लांब झालं तर खांदा वर उचलला जातो. कमी-जास्त करता येणारं घेतलंत तर घरात सगळ्यांना चालतं. फक्त त्याच्या सांध्यात रेती आणि खार बसून ते आवळून बसतं. रोज घरी आल्यावर तीन तुकडे वेगळे करून गोड्या पाण्याने धुवायचे. नवीन पॅडल घरी आणल्यावर पाण्याने भरलेल्या हौदात सोडून बघा. काही ॲल्युमिनियमची पॅडलं दांड्यात पाणी भरून हळूच तळाला जातात.

लीश, जॅकेट आणि बाकी

लीश म्हणजे बोर्ड आणि तुम्ही यांच्यातली दोरी. पडल्यावर बोर्ड वाऱ्याने तुमच्या पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळतो, म्हणून ती लागतेच. पण कुठली आणि कुठे बांधायची, यावर दुकानात कोणी बोलत नाही.

लाटांवर सरळ लीश, घोट्याला. धरणाच्या साचलेल्या पाण्यात वेटोळ्यांची, पोटरीला, म्हणजे ती पाण्यात लोंबत नाही. वाहत्या पाण्यात घोट्याला बांधायची नाही. आमच्या कर्लीत होड्या नांगरलेल्या असतात, त्यांच्या दोऱ्या पाण्यात तिरक्या गेलेल्या असतात, जेटीचे खांब आहेत, कांदळवनाची मुळं आहेत, कुठे कुठे जाळी. ओहोटीला पडलात, बोर्ड दोरीच्या एका बाजूने गेला, तुम्ही दुसऱ्या बाजूने, की लीश मधे अडकते. पाणी तुम्हाला पुढे ओढतं, घोटा मागे ताणला जातो, आणि त्या ओढीविरुद्ध वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. पोहणारा माणूससुद्धा इथे हरतो. म्हणून कमरेचा पट्टा घ्या, झटक्यात सुटणारा. पुढे एक गोळा किंवा मूठ असते, ती खेचली की पट्टा निघतो. मी प्रत्येकाला कमरेएवढ्या पाण्यात तो डोळे मिटून तीनदा सोडायला लावते, उजव्या हाताने आणि डाव्याही. ज्याला जमत नाही तो त्या दिवशी काठाकाठानेच.

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्याला ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवायच्या ताकदीचं माप), हात मोकळे राहतील असं. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं, कॉलरवालं. वल्हवताना ते काचतं, तरी तेच. घालून, पट्टे आवळून दुसऱ्याला खांद्यावरून वर उचलायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. खरं तर बोर्ड विकत घ्यायच्या आधी पाण्यावर उताणं तरंगायला शिका, आठवडाभराचं काम आहे.

अंगात बाह्यांचा लायक्राचा टीशर्ट. जीन्स नको, ओढणी नको. पायात पातळ रबरी बूट, कालवांनी तळवा चिरला तर आठवडा जातो. चष्म्याला दोरी, गळ्यात शिट्टी, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. आणि फिनच्या स्क्रूचा एक जादा जोड. तो रेतीत पडला की पुन्हा सापडत नाही, आणि फिन नसेल तर बोर्ड जागच्या जागी गिरक्या घेतो.

पहिला तास

गुडघाभर पाण्यात जाऊन मगच चढायचं. मोठी फिन नऊ इंचाची असते. उथळात ती रेतीला टेकली की बोर्ड थांबतो आणि तुम्ही थांबत नाही, तोंडावर जाता.

बोर्डाच्या मधोमध उचलायची मूठ असते. तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेका, पॅडल आडवं पुढ्यात. पंधरा मिनिटं असंच वल्हवा, बोर्डाची हालचाल अंगात बसू दे. मग हात बोर्डावर टेकवून एक पाऊल गुडघ्याच्या जागी, मग दुसरं, आणि सावकाश वर. पावलं मुठीच्या दोन बाजूंना, कंबरेएवढ्या अंतरावर, बोटं समोर. गुडघे किंचित वाकलेले. नजर समोरच्या किनाऱ्यावर. पायांकडे बघितलंत की गेलात. उभं राहिल्यावर लोक गोठून जातात, ते नको. पॅडल लगेच पाण्यात घाला, चालत्या बोर्डावर तोल सोपा जातो आणि पाण्यातलं पॅडल आधार देतं.

आता ती गोष्ट, जी दहातल्या आठ जणांची चुकते. पॅडलचं पातं दांड्याशी थोडं वाकलेलं असतं. ते वाकण पुढच्या दिशेला, तुमच्यापासून लांब हवं. मनाला वाटतं चमच्यासारखं आपल्याकडे असावं, तसं नाही. पात्यावर कंपनीचं नाव बहुधा पुढच्या बाजूला असतं, तेवढं बघून धरा.

वरचा हात मुठीवर, खालचा दांड्यावर. उजवीकडे वल्हवताना डावा हात वर. पुढे वाकून पातं पूर्ण बुडेल असं घाला, घोट्यापर्यंत ओढा, बाहेर काढा. घोट्याच्या मागे ओढत राहिलात की बोर्ड वळायला लागतो. दांडा जितका उभा, तितकी चाल सरळ. चार-पाच फटक्यांनी बाजू बदला. वळायचं असेल तर पातं पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मोठ्या अर्धवर्तुळात फिरवा. जोर दंडाचा नको, पोट-कंबरेचा हवा. दुसऱ्या दिवशी पोटाच्या बाजू दुखल्या तर नीट वल्हवलंत असं समजा.

पडणार तर आहातच. पडताना बोर्डापासून लांब, आडवं पडा. सूर मारायचा नाही, खाली किती पाणी आहे माहीत नसतं. वर आल्यावर आधी बोर्ड पकडा, पॅडल नंतर. बोर्डाच्या मधल्या मुठीला एका हाताने धरा, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागाला आणा, जोरात लाथा मारत पोट बोर्डावर सरकवा. खालून वर चढायला गेलात तर बोर्ड अंगावर उलटतो. हे पहिल्या तासातच चार-पाचदा मुद्दाम करून घ्या, दमल्यावर शिकायची ही गोष्ट नाही.

शिकवणारा निवडताना बोर्ड कुठल्या कंपनीचा हे विचारू नका. जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेतलंय का ते विचारा. गोव्यात करंजाळ्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे असे अभ्यासक्रम होतात. आणि आज पाणी कधी फिरणार, हेही विचारा. घड्याळाकडे न बघता सांगितलं तर बिनधास्त उतरा.

वाटेत कुणी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकत असेल किंवा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर लांबून, वळसा घालून जा. त्यांचं ते पोट आहे.

जुना घेणार असाल तर

निदान पाच-सहा वेळा भाड्याच्या बोर्डावर फिरल्याशिवाय खरेदी करू नका. त्यानंतर नवीनच हवा असंही नाही. सीझन संपताना भाड्याने देणारे जुने बोर्ड काढतात. रंग उडालेला चालेल, पायाखालचं मऊ पॅड कडेने थोडं सुटलेलं चालेल, ते चिकटवता येतं. शिवणीला फुगवटा आलेला चालणार नाही. व्हॉल्वभोवती आणि कडेने साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे कुठे येतात बघा. व्हॉल्वमधून आले तर तो पान्याने आवळला की बहुधा भागतं. कडेच्या शिवणीतून आले तर नको. संध्याकाळी १५ पीएसआय भरून रात्रभर सावलीत ठेवायला सांगा आणि सकाळी स्वतः दाब मोजा. एखादा पीएसआय उतरला तर गारव्याने उतरला असेल. तीन-चार उतरले तर पैसे खिशातच ठेवा. आणि रात्रभर ठेवून द्यायला जो नाही म्हणतो, त्याच्याशी सौदाच करू नका.